झडपेतली हवा

मंगळवार, २१ फेब्रुवारी. कार्निवल.

आज गाडीला पाजलं.

कार्निवलच्या मंगळवारी गाडीला बिअर पाजली की ती वर्षभर साथ देते. गल्लीत सगळ्यांनीच आपापल्या गाड्यांना पाजलं, पण अडाण्यासारखं. चाकांवर ओततात, बोनेटवर ओततात, कागदी टिकल्या उधळतात आणि उरलेली बिअर स्वतः पितात. चाकाला तोंड असतं का?

मी बोनेट उघडलं. फिल्टरकडून येणारा रबरी पाइप काढला. आत थ्रॉटलचं तोंड. गाडी इथून श्वास घेते. पहिला घोट धरणीमाईला, दुसरा थेट थ्रॉटलमध्ये, वरून मूठभर टिकल्या. पाइप परत लावला. शेजारचा इलारियो कुंपणावरून म्हणाला, "मास्तर, घशात नका हो ओतू, ठसका लागेल तिला." इलारियोकडे गाडी नाही. एक सायकल आहे, तिलाही त्याने पाजलं.

बायकोला, सातूला, दारात खुर्ची दिली होती. तिने टाळ्या वाजवल्या. थोड्या वाजवल्या, थांबली, परत वाजवल्या. ओठ निळसर वाटले, पण आज सगळ्यांच्याच तोंडाला रंग होता.

निश्चय: रविवारी सातूला खाली कोरोइकोला तिच्या बहिणीकडे न्यायचं. स्वतःच्या गाडीने. डॉक्टरीण म्हणाली, रक्त घट्ट झालंय, एल आल्तोच्या उंचीवर ह्यांना आता हवा पुरत नाही, ह्याला औषध एकच, खाली उतरा. गाडी घेतली ती त्यासाठीच.

बुधवार, २२ फेब्रुवारी.

मेव्हणी बेनिता कार्निवलला आली होती, आज परत निघाली. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, पिशवी भर आणि चल माझ्याबरोबर. संध्याकाळी घरी असशील." मी म्हणालो, माझी बायको मिनीबसमध्ये कोंबड्यांच्या पाट्यांमध्ये बसून जाणार नाही. राणीसारखी पुढच्या सीटवर बसून जाईल. बेनिता म्हणाली, "भाऊजी, राणी आत्ता जिना चढताना तीनदा बसली." बेनिताला टोमणे मारायची सवय आहे. तिचा नवरा त्यापायीच सोडून गेला.

सातूने दोघांकडे पाहिलं. म्हणाली, "एवढी हौसेने गाडी घेतलीय ह्याने. रविवारी येते त्याच्याबरोबर."

बेनिता एकटी गेली.

गाडी सुरू केली. दोनदा ठसकली, पांढरा धूर आला, मग चालली. थंडी आहे.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी.

सकाळी गाडी सुरू होते, पण पॅडलवरून पाय काढला की मरते. पाय ठेवला तर जिवंत. पेट्रोल वाईट आलंय. पंपावर पाणी घालतात हे सगळ्या शहराला माहीत आहे.

पॅडल पहिल्यांदा दाबताना अडतं, मग एकदम सुटतं आणि गाडी उडी मारते. हे नवीन आहे. जपानी लोक आपल्या उंचीचा विचार न करता गाड्या बनवतात. जपानातून जुनी आलेली गाडी, तिचं उजवीकडचं स्टिअरिंग इथल्या रस्त्यांसाठी डावीकडे आणताना इथल्या कारागिरांनीही काहीतरी ढिलं ठेवलं असणार.

मंगळवारचा ह्याच्याशी संबंध नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी.

इलारियो म्हणाला, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दाखवा. मी म्हणालो, चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. पितळेच्या नळीतून हवा कशी जाते, कुठे अडते, कुठे फुटते, हे मला गॅरेजवाल्याने शिकवायचं? पुढचे दात गेले म्हणून वाजवणं सुटलं, अक्कल नाही गेली. इलारियो म्हणाला, "तसं नाही मास्तर, गॅरेज जवळ आहे म्हणून म्हटलं."

उद्याचं जाणं पुढच्या रविवारवर. सातूला सांगितलं. म्हणाली, "बरं." पिशवी भरलेली होती, त्यातून फक्त कंगवा काढला.

मंगळवार, २८ फेब्रुवारी.

रात्री सातू जागी होती, म्हणून तिला थ्रॉटल समजावून सांगितला. लोकांना वाटतं पॅडल दाबलं की पेट्रोल जातं. चूक. हवा जाते. पॅडल तार ओढतं, तार गोल झडप फिरवते, झडप उघडते तेवढी हवा आत जाते. मग कॉम्प्युटर बघतो हवा किती आली आणि तेवढंच पेट्रोल देतो. हवा मालक, पेट्रोल नोकर. पाय उचलला की स्प्रिंगने झडप मिटते. पण गाडी मरत नाही, कारण बाजूला एक बारीक वाट ठेवलेली असते. तिथून थोडीशी हवा जात राहते. उभ्या गाडीला जगायला तेवढीच लागते.

सातू पाठीमागे उशा लावून बसली होती. म्हणाली, "आणि ती बारीक वाट बुजली तर?"

मी म्हणालो, ती बुजत नाही. जपानी असते.

हल्ली ती बसूनच झोपते. म्हणते, असं बरं वाटतं. कूस बदलायचा त्रास वाचतो.

गुरुवार, १ मार्च.

निदान झालं. झडपेचा दांडा कोरडा पडला आहे. ट्रम्पेटचे खटके अडायला लागले की मी त्यांना तेल सोडायचो. तेच तेल थ्रॉटलच्या दांड्याला सोडलं, भरपूर. पॅडल लोण्यासारखं झालं. एल आल्तोत हा उपाय अजून कोणाला सुचलेला नाही.

रविवार, ४ मार्च.

तेलावर धूळ बसली. पॅडल आता पहिल्यापेक्षा जास्त अडतं. वारा फार होता ह्या आठवड्यात.

आपण जाणार म्हणून सातू चर्चला गेली नव्हती. गेलो नाही म्हटल्यावर चर्चची वेळ निघून गेली होती. दोघं घरीच बसलो. तिने चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, घालून सूप केलं, मध्ये मध्ये ओट्याला टेकत. मी मदत करणार होतो पण हात तेलाचे होते.

मंगळवार, ६ मार्च.

सातूला दवाखान्यात घेऊन गेलो. मिनीबसने. डॉक्टरीण मला म्हणाली, "अजून इथेच? मी काय सांगितलं होतं?" मी गाडीची अडचण सांगितली. तिने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, "काका, बसने न्या, ट्रकने न्या, गाढवावर बसवून न्या, पण न्या. आणि परत आणायचा विचार करू नका." तरुण डॉक्टर घाबरवतात फार. सातूचं थोडं रक्त काढलं, त्याने ओठांना रंग आला. संध्याकाळी ती बरीच बोलली. म्हणजे घाई तेवढी राहिली नाही.

तिने विचारलं, "बसने जाऊ या का रे?" मी म्हणालो, एकच रविवार. तिने माझ्याकडे बघितलं आणि घोंगडी ओढून घेतली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्यावरचा विश्वास तसाच आहे.

शुक्रवार, ९ मार्च.

थ्रॉटलच्या बाजूला एक छोटा स्क्रू आहे, त्याच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. म्हणजे कारखान्यात कोणीतरी तो खास लक्ष वेधण्यासाठी रंगवला. झडप कुठपर्यंत मिटायची ते हा स्क्रू ठरवतो. मी तो आत फिरवला. आता झडप पूर्ण मिटतच नाही, थोडी किलकिली राहते. पाय काढला तरी गाडी मरत नाही. बोंबलते, पण जगते.

इलारियो कुंपणावर आला. "मास्तर, एवढी का ओरडतेय?" मी म्हणालो, ताकद आहे. तो म्हणाला, "कोरोइकोचा उतार केवढा आहे. पाय काढल्यावर गाडी मंद नको का व्हायला?" मत्सर माणसाला इंजिनिअर बनवतो.

पण विचार केला. स्क्रू थोडा मागे घेतला. मग थोडा पुढे. ठिपका आता गेला, त्यामुळे पहिली जागा कोणती ते सांगता येत नाही. कानाने लावला.

रविवार, ११ मार्च.

पाऊस. जाणं रद्द. पावसाला माझा इलाज नाही.

बेनिताचा फोन आला. मीच घेतला. म्हणाली, "ताईला द्या." मी म्हणालो, ती झोपली आहे. म्हणाली, "दुपारी?" मी म्हणालो, विश्रांती. मग बरंच बोलली, ते लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला तिला न्यायचंय की गाडीला?" कसला प्रश्न. दोघींना.

निश्चय: बेनिताशी आवाज चढवायचा नाही. (चढवला.)

शनिवार, १७ मार्च.

उद्या नक्की. सगळं तपासलं. पाणी, तेल, टायर, घोंगडी, सातूची पिशवी, चढावर चघळायला कोकाची पानं, पत्र्याचा डबा भरून उकडलेले बटाटे. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात.

सातूने केस धुतले. म्हणाली, बहिणीकडे नीट जायला हवं. वेण्या घालताना हात वर धरवेनात, म्हणून एक वेणी मी घातली. वाकडी झाली. तिने ती तशीच ठेवली.

रविवार, १८ मार्च.

निघालो. लिहून ठेवतो सगळं, क्रमाने.

पहाटे गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. सातू पुढे, घोंगडी गुडघ्यांवर. इलारियो दार धरून उभा होता. म्हणाला, "काकू, पोचलात की फोन करा." सातू त्याला म्हणाली, "माझ्या कुंड्यांना पाणी घाल." खाली ला पास शहरातून उत्तम गेलो. ती म्हणाली, "किती छान चालवतोस." हे तिचे शब्द.

कोरोइको खाली आहे, पण तिथे उतरायला आधी डोंगर चढून खिंड ओलांडावी लागते. खिंडीत हवा आमच्या घरापेक्षाही पातळ. चढावर दुसरा गियर टाकला, मग पहिला. पॅडल तळाला टेकलं होतं. शेवटच्या चढाच्या अलीकडे पोलिसांचं नाकं. हवालदाराने हात केला. मी पाय उचलला. गाडी मेली.

हवालदार कागद न बघताच म्हणाला, "बाजूला घ्या." बाजूला ढकलायलाही तोच आला.

मग सुरू होईना. किल्ली, ठसका, शांत. मी बोनेट उघडलं. पाइप काढला. गारा पडायला लागल्या. स्क्रू एकदा आत फिरवला, एकदा बाहेर. सातू काचेआड बसली होती. तोंड उघडं होतं तिचं, मासळीसारखं. काच खाली करून म्हणाली, "आन्सेल्मो, एखादी गाडी थांबव रे." तिने आवाज चढवला नाही. तेवढी हवाच नव्हती तिच्यापाशी.

मी म्हणालो, दोन मिनिटं.

थोड्या वेळाने परत म्हणाली. मी परत तेच म्हणालो.

कोरोइकोची मिनीबस हवालदाराने थांबवली, मी नाही. ड्रायव्हर उतरला, आत डोकावला आणि मला म्हणाला, "काका, ओठ बघा त्यांचे." मग त्याने आणि हवालदाराने सातूला उचलून त्याच्या शेजारच्या सीटवर बसवलं. तिथे बसलेला माणूस मागे गेला. ड्रायव्हर मला म्हणाला, "चढा. मागे एक जागा आहे."

मी म्हणालो, गाडी अशी टाकून कसं येऊ. हवालदार म्हणाला, "मी आहे ना इथे. तुमची ही कोण पळवणार, ढकलत?" लोक हसले. मी म्हणालो, तुम्ही पुढे व्हा, ही आत्ता सुरू होईल, मी मागून गाठतोच. ड्रायव्हर म्हणाला, "काका, शेवटचं विचारतो."

मी थ्रॉटलपाशीच होतो. झडप हाताने उघडून बघत होतो.

बस निघाली. सातूने आतून काच पुसली. माझ्या एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात पाइप, त्यामुळे हात करता आला नाही.

गाडी सुरू झाली नाही. दुपारी हवालदाराने तोंड शहराकडे करून दिलं आणि मी उतारावर सोडली. शहरापर्यंत इंजिनाशिवायही चांगली धावते. तिथून वर घरी एका ट्रकने ओढली.

एकूणात योग्य तोच निर्णय झाला. रुग्ण लवकर पोचला.

सोमवार, १९ मार्च.

बेनिताचा फोन. पोचली. रात्रभर खोकली, पहाटे झोपली. "तुमच्यासाठी काही निरोप नाही," असं बेनिता म्हणाली. हे बेनिताचं म्हणणं झालं.

गुरुवार, २२ मार्च.

सातू स्वतः फोनवर आली. म्हणाली, "मी आडवी झोपले रे." परत म्हणाली, "आडवी, पाठीवर, एका उशीवर." मी म्हणालो, छान. मी तिला सांगितलं की गाडीत दोष हवेच्या बाजूचा आहे हे आता निश्चित झालं आहे. ती म्हणाली, "कुंड्यांना पाणी घातलंस का?" इलारियो घालतो.

रविवार, २५ मार्च.

थ्रॉटल पूर्ण उतरवला. हे आधी करायचं होतं, पण माणूस एका वेळी एकच गोष्ट करू शकतो.

तोंडाच्या आतून सगळीकडे तपकिरी चिकट थर, झडपेच्या कडेने जास्त. आणि ती बाजूची बारीक वाट, तिच्यात काहीतरी बसलेलं. सुईने काढलं. कागद. गोल कागद, एकावर एक चिकटलेले. गुलाबी, हिरवे, परत गुलाबी.

कोणीतरी मुद्दाम घातले असणार. इलारियोकडे बघितलं. तो सातूच्या कुंड्यांवर वाकला होता. हातात तिचाच पाण्याचा डबा.

वास घेतला. बिअर.

टिकल्यांची पुडी मीच आणली होती. गुलाबी आणि हिरवी. इलारियोने पिवळ्या आणल्या होत्या.

पण ह्यावर जास्त विचार करून उपयोग नाही. महत्त्वाचं हे की दोष सापडला, आणि तो मी शोधला.

सोमवार, २६ मार्च.

धुतलं सगळं. तेल काढलं. स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर घेतला, मग कानाने परत जागेवर आणला. थ्रॉटल बसवला. किल्ली.

सुरू झाली. पाय काढला. चालत राहिली. हळू, एका लयीत, बँड निघण्याआधी ड्रम नुसता वाजवत ठेवतात तशी. हात लावला बोनेटला. कापत नव्हती.

आत जाऊन सातूला सांगायला वळलो.

इलारियोला सांगितलं.

शनिवार, ३१ मार्च.

कोरोइकोला जाऊन आलो. खिंड पार करताना पॅडल अर्धं पण लागलं नाही. नाक्यावर तोच हवालदार. त्याने सलाम ठोकला. उतारावर पाय काढला की गाडी आज्ञाधारकासारखी मंद व्हायची.

सातू घरात नव्हती. बेनिताने वर बोट दाखवलं. सातू मागच्या चढावरून येत होती, हातात पाण्याची बादली. मी मोजत होतो कुठे थांबते. थांबली नाही. गाल तांबूस. मी म्हणालो, गाडी बघ. तिने बादली ठेवली, हात पुसले, बघितली. मी बोनेट उघडून सगळं समजावलं, बिअर, टिकल्या, बारीक वाट. तिने पूर्ण ऐकलं. तिच्यासारखं ऐकणारं माणूस नाही.

मग म्हणाली, "म्हणजे एवढासा कागद."

मी म्हणालो, एवढासाच.

ती म्हणाली, "आणि बसमध्ये जागा होती."

मी म्हणालो, ती अगदी मागची, चाकावरची, फार दचके बसतात तिथे. ती म्हणाली, "हो. त्या ड्रायव्हरने मग तिथे कोंबड्यांची पाटी ठेवली." हसली. मीही हसलो. मग ती हसायची थांबली आणि मला जरा उशिरा कळलं.

जेवायला मासा आणि केळी. बेनिताने मला दुसऱ्यांदा वाढलं, तोंड फिरवून. जेवल्यावर मी म्हणालो, जून-जुलैची थंडी संपली की न्यायला येतो. सातू म्हणाली, "मी वर येणार नाही, आन्सेल्मो." मी म्हणालो, ऑगस्टमध्ये बघू. ती म्हणाली, "ऑगस्टमध्येही नाही. डॉक्टरीण म्हणाली होती की परत आणू नका. तू तिथेच होतास."

मी होतो खरा.

ती पुढे काही म्हणेल म्हणून थांबलो. तिथे तिच्या खोलीत खाट रुंद आहे. ती म्हणाली, "अंधार पडायच्या आत खिंड ओलांड." आणि बेनिताला ओरडून सांगितलं की गाडीत संत्री ठेव.

दमली असणार. पाणी बरंच लांबून आणते.

मंगळवार, ३ एप्रिल.

विचार: मीही खाली राहायला जावं का? घराला कुलूप लावता येतं. इलारियो कुंड्या घेईल.

कोणी विचारलेलं नाही. न विचारता जाणं बरं दिसत नाही. ती विचारेल. फोनच्या जवळ राहायचं, एवढंच.

गुरुवार, ५ एप्रिल.

फोन आला. सातूच होती. शिलाईचं मशीन आणि बाकीचे स्कर्ट पाठव म्हणाली, हिवाळ्याची शाल राहू दे. मी म्हणालो, मी स्वतः घेऊन येतो, गाडी मस्त चालते. ती म्हणाली, "कशाला उगाच. मिनीबसवाल्याकडे दे. त्याला घर माहीत आहे."

शुक्रवार, ६ एप्रिल. गुड फ्रायडे.

मशीन खोक्यात बांधलं. इलारियोने एक बाजू धरली. मिनीबसच्या थांब्यावर नेऊन दिलं. तोच ड्रायव्हर होता. त्याने मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं आणि बोलला नाही. खोकं त्याने मागच्या सीटवर, चाकाच्या वर, नीट बसवलं आणि दोरीने आवळलं.

रविवार, ८ एप्रिल. ईस्टर.

सकाळी गाडी सुरू केली. पहिल्या किल्लीला. पाय काढून थोडा वेळ ऐकत बसलो. कुठेही अडत नाही.

कुठे जायचं नव्हतं. बंद केली.